भूमीची साक्ष देणारी चित्रे

१९९७ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रेट सँडी वाळवंटाच्या उत्तर टोकाकडे पिरनिनी नावाचे एक ठिकाण आहे. तेथे एके दिवशी आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा एक प्रचंड कॅनव्हास जमिनीवर अंथरण्यात आला. वालमाजारी, वांगकाजुंगा, मंगाला आणि जुवालिनी या भाषा बोलणारे चाळीसहून अधिक आदिवासी स्त्री-पुरुष रंगांचे डबे घेऊन त्यावर बसले. कोणी कोठे बसावे हे ठरविण्याची गरज भासली नाही. ज्याच्या पूर्वजांचा पाणवठा वाळवंटात ज्या दिशेला, त्याची जागा कॅनव्हासवर त्याच दिशेला. शेजारच्या पाणवठ्याचा माणूस तेथेही शेजारीच बसला. पुढील काही दिवसांत त्या कापडावर निळी, लाल, पिवळी, हिरवी वर्तुळे उमटली, त्यांना जोडणाऱ्या वाटा उमटल्या आणि अवघे वाळवंट पाहणाऱ्याच्या पायाशी उलगडले.

हे चित्र दिवाणखान्याच्या भिंतीसाठी काढलेले नव्हते. तो न्यायासनापुढे मांडावयाचा पुरावा होता. आपल्या भूमीवर आपला हक्क आहे, एवढेच या लोकांना सांगावयाचे होते. परंतु इंग्रजी भाषेत आणि कायद्याच्या परिभाषेत ते सांगता येईना. तेव्हा त्यांनी ते रंगांत सांगावयाचे ठरविले. जमिनीच्या हक्कासंबंधीच्या न्यायाधिकरणाचे सदस्य आले, तेव्हा एकेक ज्येष्ठ व्यक्ती कॅनव्हासवरील आपापल्या जागी जाऊन उभी राहिली आणि आपल्या मातृभाषेत बोलू लागली. त्या चित्राचे नाव ‘नुर्रारा’ म्हणजे स्वभूमी, आपले घर.

आपल्याकडे जमिनीचा वाद उपस्थित झाला की सातबाराचा उतारा पुढे केला जातो. तलाठ्याचे दप्तर, फेरफार, वारसांची नोंद यांवर आपला विश्वास असतो. चित्राचा असा दाखला होऊ शकतो काय? हा प्रश्न वरकरणी विचित्र वाटला तरी त्याच्या उत्तरात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी कलेचा सारा इतिहास सामावलेला आहे.

कुणाचीच नसलेली भूमी

१७८८ साली ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत स्थापन केली, तेव्हा त्या खंडात मानवाची वस्ती होऊन पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरीही आलेल्यांच्या कायद्याने त्या भूमीचे वर्णन पुढे दोन लॅटिन शब्दांत केले : टेरा नुलियस. सेमिनरीत असताना लॅटिनचे पाठ गिरविणाऱ्या मला या शब्दांचा अर्थ लावणे कठीण नव्हते : कुणाचीच नसलेली भूमी. तेथे नांगरलेली शेते नव्हती, कुंपणे नव्हती, कागदपत्रे नव्हती. म्हणून मालकही नाही, असा तो न्याय होता. १९९२ साली माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व रद्दबातल ठरविले आणि पुढल्याच वर्षी आदिवासींच्या मूळ हक्कांना मान्यता देणारा कायदा झाला. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे एका खंडातील माणसे कायद्याच्या दृष्टीने आपल्याच भूमीवर असूनही नव्हती!

या नकाराचे परिणाम वाळवंटाने फार सोसले. १९०६-०७ साली गुरे हाकीत नेण्यासाठी एक लांबलचक मार्ग आखण्यात आला. त्याची लांबी सुमारे १,८५० किलोमीटर. वाळवंटात पाणी कोठे आहे हे आदिवासींनाच ठाऊक. म्हणून सर्वेक्षकाच्या तुकडीने त्यांना पकडून, साखळ्यांनी बांधून पाणी दाखविण्यास भाग पाडले. १९०८ साली त्यावर चौकशी आयोग बसला, परंतु सर्वेक्षकाला दोषमुक्त करण्यात आले. पुढे १९१० पर्यंत त्या मार्गावर पन्नासेक विहिरी खोदल्या गेल्या. त्यांतील अनेक विहिरी ज्या पाणवठ्यांवर झाल्या, ते तेथील लोकांना देवस्थानाइतके पवित्र होते. पलीकडे मध्य ऑस्ट्रेलियात १९२८ साली कॉनिस्टन परिसरात पोलिसांच्या टोळीने वार्लपिरी आणि त्यांच्या शेजारच्या जमातींच्या लोकांना गोळ्या घातल्या. सरकारदप्तरी मृतांचा आकडा ३१ असा आहे. प्रत्यक्षात तो याहून बराच मोठा असावा, असे इतिहासकार मानतात.

जुकुर्पा

वाळवंटातील चित्र समजून घ्यावयाचे तर प्रथम एक शब्द समजून घ्यावा लागतो. वार्लपिरी लोक त्याला जुकुर्पा म्हणतात, पिंटुपी आणि पिचनचाचारा लोक चुकुर्पा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानववंश अभ्यासकांनी त्याचे ‘ड्रीमटाइम’ म्हणजे ‘स्वप्नकाळ’ असे भाषांतर केले आणि ते रूढ झाले. परंतु जुकुर्पा हे स्वप्न नव्हे आणि ते केवळ भूतकाळात घडून गेलेलेही नव्हे.

या लोकांच्या धारणेनुसार आदिपूर्वज भूमीतून वर आले. कोणी मनुष्यरूपात, कोणी कांगारूच्या, कोणी एमू पक्ष्याच्या, सर्पाच्या, मुंगीच्या, कोणी पावसाच्या आणि अग्नीच्याही रूपात. ते चालले, त्यांनी शिकार केली, मुक्काम केले, भांडणे केली, विवाह केले, नृत्ये केली. जेथे ते बसले तेथे पाणवठा झाला, जेथे पडले तेथे टेकडी झाली, जेथून गेले तेथे नदीचे कोरडे पात्र उरले. शेवटी ते थकून पुन्हा भूमीत शिरले आणि आजही तेथेच आहेत. जाताना त्यांनी विवाहाचे, वाटणीचे, शोकाचे आणि आदरातिथ्याचे नियम घालून दिले. म्हणून जुकुर्पा ही त्यांची उत्पत्तिकथा आहे, धर्मशास्त्र आहे, कायदा आहे आणि नकाशाही आहे.

या पूर्वजांच्या वाटा शेकडो किलोमीटर लांबीच्या असतात आणि प्रत्येक वाटेचे गीत असते. गीताची कडवी ओळीने म्हणत गेले की पाणवठे ओळीने येतात. आकाशातील कृत्तिका म्हणजे सात बहिणी आणि मृग नक्षत्रात त्यांचा पाठलाग करणारा कामातुर पुरुष, ही कथा तर अनेक जमातींच्या प्रदेशांतून, अनेक भाषांतून वाळवंट ओलांडते. एका जमातीची हद्द संपली की पुढची जमात गीत उचलून घेते. ज्याला गीत येते, तो पाण्यावाचून मरत नाही.

चित्र हे या गीताचेच दृश्य रूप. एकात एक काढलेली वर्तुळे म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा शेकोटी. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे मांडी घालून बसलेला माणूस. वाळूत बसून उठल्यावर तसाच ठसा उमटतो. सरळ रेषा म्हणजे वाट, नागमोडी रेषा म्हणजे वाहते पाणी किंवा सर्प. बाणासारखी खूण हे एमूचे पाऊल. एकाच खुणेचे अर्थ अनेक असतात आणि त्यांतला कोणता, हे कथा सांगणाराच जाणतो. पूर्वी ही चित्रे वाळूवर, विधीच्या वेळी जमिनीवर, ढालींवर आणि नाचणाऱ्यांच्या अंगावर गेरू, पांढरी माती आणि कोळसा यांनी काढीत. बायका मुलांना गोष्ट सांगता सांगता बोटांनी वाळूत खुणा काढीत आणि पुसून टाकीत. विधी संपला की चित्रही संपे. जपून ठेवावयाचे ते स्मरणात असे.

यातील एक व्यवस्था मला फार अर्थपूर्ण वाटते. वार्लपिरी समाजात वडिलांकडून ज्यांना एखाद्या स्थळाचा आणि कथेचा वारसा मिळतो, त्यांना ‘किर्दा’ म्हणतात. आईकडून ज्यांचे त्या स्थळाशी नाते असते, ते ‘कुर्दुंगुर्लू’, म्हणजे राखणदार. चित्र किर्दाने काढावे, परंतु ते बरोबर निघाले की नाही यावर कुर्दुंगुर्लूने लक्ष ठेवावे. मालक आहे, पण त्याला मनमानी करता येत नाही. ज्याचा हक्क नाही त्याने त्या कथेचे चित्र काढले, तर ती चोरी ठरते. चित्र काढता येणे याचाच अर्थ त्या भूमीशी नाते असणे. पिरनिनीच्या कॅनव्हासला पुराव्याचे मोल आले, ते येथून.

पापुन्याची भिंत

ही क्षणभंगुर कला टिकाऊ फळ्यांवर आणि कॅनव्हासवर कशी आली, याचा इतिहास एका दुःखी वसाहतीपासून सुरू होतो. सरकारने विसाव्या शतकाच्या मध्यास वाळवंटातील लोकांना एकत्र आणून वसाहतींत ठेवण्याचे धोरण राबविले. आपल्या चालीरीती विसरून त्यांनी गोऱ्या समाजात विरून जावे, असा त्यामागचा हेतू होता. ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवरील पापुन्या ही त्यांपैकीच एक. पाच भिन्न भाषांचे लोक तेथे दाटीवाटीने राहत होते. सर्वांत उशिरा आणलेले पिंटुपी लोक तर रोगराईने खंगत होते. आपल्या स्थळांपासून दूर, दुसऱ्यांच्या भूमीवर राहावे लागणे हे त्यांच्या कायद्याने लज्जास्पद होते.

याच पापुन्यात त्याआधी अल्बर्ट नमाचिरा यांनी शिक्षा भोगली होती. हरमन्सबर्गच्या ल्युथेरन मिशनमध्ये १९०२ साली जन्मलेल्या या अरांडा चित्रकाराने पाश्चात्त्य पद्धतीची जलरंगचित्रे काढून सारा देश जिंकला. तथापि चराऊ जमिनीचा पट्टा मागितला, तो मिळाला नाही. शहरात घर बांधू म्हटले, तर परवानगी मिळाली नाही. १९५७ साली त्यांना नागरिकत्व मिळाले, पण नातलगांना नाही. पुढल्या वर्षी, नातलगाला मद्य पुरविल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. १९५९ साली ते निवर्तले. समीक्षक त्यांना पाश्चात्त्यांचे अनुकरण करणारा म्हणत. परंतु ते ज्या डोंगरांची आणि झाडांची चित्रे काढीत होते, ती त्यांच्या पूर्वजांची भूमी होती, हे उमजायला अनेक वर्षे जावी लागली.

१९७१ साली जेफ्री बार्डन हा तरुण शिक्षक पापुन्याच्या शाळेत आला. मुले परक्या चित्रपटांतील घोडेस्वारांची चित्रे काढीत होती. आपल्या खुणा का काढीत नाही, असे त्याने विचारले. मुलांनी नव्हे, पण त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. पापुन्या हे मधमुंगीच्या कथेचे पवित्र स्थळ. त्या कथेच्या हक्कदार वृद्धाने संमती दिली आणि कापा चंपिचिन्पा व त्याच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे भव्य चित्र रंगविले. सरकारी शाळेच्या भिंतीवर त्या भूमीचे खरे नाव प्रथमच लिहिले गेले! भिंत रंगविणाऱ्यांत बिली स्टॉकमन हाही होता. कॉनिस्टनच्या हत्याकांडात त्याची आई मारली गेली तेव्हा तो लहान मूल होता.

१९७२ साली या चित्रकारांनी ‘पापुन्या तुला’ ही स्वतःच्या मालकीची संस्था स्थापन केली. त्याच वर्षी बार्डन मनाने आणि शरीराने खचून पापुन्या सोडून गेला. १९७४ साली दुरुस्तीच्या वेळी ती भिंत सरकारी रंगाखाली गेली. पण चित्रे थांबली नाहीत. प्रारंभीच्या फळ्यांवर दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहाव्यात अशा काही खुणा उमटल्या, त्यावर आदिवासींतूनच तीव्र आक्षेप आला. तेव्हा कलावंतांनी त्या खुणा गाळल्या किंवा ठिपक्यांच्या दाट जाळ्याआड झाकल्या. आज जगभर या कलेची ओळख ठरलेले ठिपके अंशतः असे पडद्याचे काम करतात. पवित्र वस्तू दाखवावी आणि लपवावीही, ही कोणत्याही धर्मपरंपरेला समजणारी गोष्ट आहे.

१९८३ च्या सुमारास युएन्डुमू येथील पाच वार्लपिरी वृद्धांनी शाळेचे तीस दरवाजे जुकुर्पाच्या चित्रांनी रंगविले. मुलांनी वर्गात शिरताना आपली भूमी कोणती हे विसरू नये, हा हेतू. हे दरवाजे १९९५ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. १९८९ साली पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात युएन्डुमूच्या लोकांनी जमिनीवर विधिचित्र घातले. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणू भागातील जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रेही होती. लग्नघराच्या भिंतीवरील वारली चित्रे कागदावर उतरली आणि वाळूतील चित्रे फळ्यांवर आली, ते एकाच दशकात.

मिशन आणि भूमी

या इतिहासात ख्रिस्तसभेचाही भाग आहे आणि तो दोन्ही बाजूंनी सांगितला पाहिजे. पॅलोटाइन संघाच्या धर्मगुरूंनी १९३९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात बाल्गो मिशन सुरू केले. पाण्याअभावी ते १९६०च्या दशकात आजच्या जागी हलले. दुष्काळ आणि हिंसा यांतून अनेकांना तेथे आसरा, अन्न आणि औषध मिळाले. परंतु मुलांना आईवडिलांपासून वेगळे वसतिगृहांत ठेवण्यात आले. रात्रीच्या शेकोटीभोवती गीत मुखोद्गत होण्याचे जे वय, तेच वय त्या भिंतींआड गेले. देशभर अशा रीतीने तोडलेल्या मुलांची कहाणी १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने जगापुढे आणली. चर्चने चालविलेल्या संस्थांचाही त्यात उल्लेख आहे. सद्हेतूने केलेल्या कार्यानेही माणसाचे मूळ उपटले जाऊ शकते, हे आम्हा धर्मगुरूंनी या अहवालातून शिकावयाचे आहे.

त्याच बाल्गोत १९८०च्या दशकाच्या प्रारंभी निराळे काही घडले. तेथील लोकांनी चर्चसाठी पताका रंगविल्या आणि शुभवर्तमानातील प्रसंग वाळवंटाच्या खुणांनी सांगितले. पाठोपाठ पाणवठ्यांची चित्रेही आली आणि १९८७ साली तेथे ‘वार्लायिर्ती’ हे कलाकेंद्र स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९८६ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे ॲलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना भेटले. वणव्यात सापडलेल्या झाडाची पाने करपली, साल होरपळली, तरी आत रस वाहत असतो आणि मुळे घट्ट असतात. तुम्ही त्या झाडासारखे आहात, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. तुमचे देणे आनंदाने स्वीकारल्यावाचून ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा पूर्ण होणार नाही, असेही ते म्हणाले. मिशनरी देण्यासाठी आले होते. त्यांनी घ्यावयासही शिकावे, हाच त्याचा अर्थ.

चित्राची किंमत

चित्रे बाहेर गेली तशी बाजारही आला. क्लिफर्ड पॉसम यांनी १९७७ साली ‘वार्लुगुलाँग’ हे मोठे चित्र काढले. दोन मुलांनी कांगारू मारला आणि बापाला न देता खाल्ला, तेव्हा निळ्या जिभेच्या सरड्याच्या रूपातील बापाने वणवा पेटविला, ही त्यातील मुख्य कथा. वाटून न खाणाऱ्यांच्या नाशाची ही गोष्ट! ते चित्र १,२०० डॉलरना विकले गेले. चित्रकार २००२ साली वारले आणि २००७ साली तेच चित्र लिलावात २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना गेले. त्यातील एक पैसाही त्यांच्या वारसांना मिळण्याची तरतूद तेव्हा कायद्यात नव्हती. पुनर्विक्रीतून कलावंताला किंवा वारसांना पाच टक्के देण्याचा कायदा २००९ साली झाला. न वाटता खाल्लेल्या शिकारीची कथा खुद्द त्या चित्राच्याच बाबतीत अशी खरी ठरली.

परंतु चित्रांनी मिळवून दिलेले खरे धन निराळे आहे. १९७६ साली उत्तर प्रदेशात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला आणि १९८१ साली पिंटुपी लोक पापुन्या सोडून पश्चिमेस आपल्या भूमीत, किंटोर येथे परतले. दक्षिणेकडील स्पिनिफेक्स लोकांना १९५०च्या दशकातील अणुचाचण्यांमुळे आपली भूमी सोडावी लागली होती. त्यांनीही स्त्रियांचे आणि पुरुषांचे अशी चित्रे पुरावा म्हणून मांडली आणि २००० साली आपला हक्क मिळविला.

किंटोरच्या लोकांपुढे लवकरच नवे संकट आले. मूत्रपिंडाच्या विकाराने ज्येष्ठ माणसे आजारी पडू लागली. डायलिसिससाठी पाचशेहून अधिक किलोमीटरवरील ॲलिस स्प्रिंग्ज येथे जाऊन राहावे लागे आणि गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. कथा सांगणारेच गेले, तर मुलांना भूमी कोण दाखविणार? सरकारकडून सोय होईना. तेव्हा किंटोर आणि किविर्कुरा येथील स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून मोठी चित्रे रंगविली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीतील न्यू साउथ वेल्स कलादालनात त्यांचा आणि इतर चित्रांचा लिलाव झाला. दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. २००४ साली किंटोर येथेच डायलिसिसचे यंत्र सुरू झाले. आज त्यांची संस्था अशी अनेक केंद्रे दूरदूरच्या वस्त्यांत चालविते. भूमीच्या चित्रांनी माणसांना भूमीत परत आणले.

आणि पिरनिनीचे काय झाले? न्यायाला दहा वर्षे लागली. ज्यांनी कॅनव्हासवर उभे राहून साक्ष दिली होती, त्यांतील कित्येक जण तोवर काळाच्या पडद्याआड गेले. ९ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालय वाळवंटात पिरनिनी येथे आले आणि ७५,००० चौरस किलोमीटरहून अधिक भूमीवर त्या लोकांचा हक्क मान्य झाला. महाराष्ट्राच्या जवळजवळ एक चतुर्थांश एवढा हा प्रदेश. या हक्काने भूगर्भातील खनिजे त्यांची झाली नाहीत की गेलेली पिढी परतली नाही. परंतु ‘कुणाचीच नसलेली’ म्हणून नोंदविलेली ती भूमी कोणाची, हे सरकारदप्तरी लिहिले गेले.

त्या कॅनव्हासवर काढलेल्या बारमाही पाणवठ्यांना तेथील लोक ‘जिला’ म्हणतात आणि इंग्रजीत त्याचा अर्थ सांगताना ‘जिवंत पाणी’ असे शब्द वापरतात. न आटणाऱ्या झऱ्याला आपणही जिवंत झराच म्हणतो. पावसानंतर काही काळच टिकणाऱ्या झिऱ्यांसाठी त्यांचा वेगळा शब्द आहे, ‘जुमू’. जुमू आटतात, जिला आटत नाहीत, त्यांवर वाळू साचली तरी खाली पाणी असते. मात्र कोणीतरी ते ठिकाण ओळखून, आपले नाव सांगून, वाळू उपसावी लागते. पिरनिनीच्या वृद्धांनी कॅनव्हासवर उभे राहून केले ते एवढेच.